संबंधींच्या गाडीची डावी पट्टी

उमाकांत धारपांना कोणतीही वस्तू अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय ती खरोखर आहे असं वाटतच नाही. यात त्यांचा फारसा दोष नाही. चौतीस वर्षं त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी या गावी रणगाड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली, आणि तिथे आलेला प्रत्येक भाग ठोकून, दाबून, हलवून पाहायचा आणि मगच त्यावर सही करायची, असा नियम होता. निवृत्तीच्या दिवशी रणगाडे मागे राहिले, पण अंगठा त्यांच्याबरोबर घरी आला. तेव्हापासून अंबत्तूरच्या बाजारातला पपईवाला त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर पोतं टाकतो. दंतवैद्याकडे गेले तर आधी ते खुर्ची दाबून पाहतात. मुलीसाठी, यामिनीसाठी, स्थळ बघायला गेले होते तेव्हाही त्यांनी मुलाकडच्या सोफ्याचा हात दाबून पाहिला होता आणि तो हात हलला होता. धारपांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते यजमानांनी पाहिलं.

यजमान म्हणजे नारायणस्वामी राव. बँकेतून निवृत्त. यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला जे गेलं ते तिथलंच झालं. ते बोलतात ते मराठी इतकं जुनं आहे की धारपांना पहिल्या भेटीत एखाद्या ताम्रपटाशी गप्पा मारतोय असं वाटलं होतं. उलट नारायणस्वामींना धारपांचं मराठी जरा घाईघाईचं वाटत असे. ते सगळ्या गोष्टींना 'बेश' म्हणत आणि म्हणताना उजवा अंगठा वर करत. त्या अंगठ्यावर तिरपा, खोल व्रण होता. लहानपणी शहाळं फोडताना कोयता लागला होता, आणि ही हकीकत त्यांनी धारपांना पहिल्याच भेटीत अंगठा नाकाशी धरून सांगितली होती.

त्यांच्या पत्नी महालक्ष्मी एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या कमी बोलत. चष्म्यावरून नुसतं बघत. तेवढ्यावर पंचवीस वर्षं शाळा चालली होती आणि तेवढ्यावरच घर चाललं होतं. त्यांच्या मुलाचं, प्राणेशचं, आणि यामिनीचं शोळिंगनल्लूरच्या एकाच ऑफिसात जमलं होतं. येत्या रविवारी नंगनल्लूरच्या एका छोट्या हॉलमध्ये निश्चयतांबूल व्हायचं होतं. निश्चयतांबूल म्हणजे त्यांच्याकडचा साखरपुडा. भटजी लग्नपत्रिका मोठ्याने वाचतात, दोन्ही बाप तिच्यावर सह्या करतात आणि ताटं अदलाबदल होतात.

बुधवारी धारप पती-पत्नी ताटांचा हिशेब ठरवायला व्याह्यांकडे गेले होते. निघताना नारायणस्वामी अचानक म्हणाले, "संबंधी, गाडी घेऊन जावा की."

तमिळमध्ये व्याह्याला संबंधी म्हणतात, आणि नारायणस्वामी धारपांना सदैव संबंधीच म्हणत.

"छे छे, कशाला?" धारप म्हणाले.

"नाशिकचे पाहुणे येणार म्हणतां. ते काय आटोंत येतील? आमची गाडी ती तुमचीच. रविवारीं हॉलवर घेऊन येवा, सरि?"

धारपांनी तीन वेळा नको म्हटलं. चौथ्यांदा नारायणस्वामींनी किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला. महालक्ष्मीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. पण धारपांचे डोळे तोवर पाणावले होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.

"बघितलंस?" घरी येताना ते बायकोला, विद्युलताबाईंना, म्हणाले. "तीन वर्षं झाली गाडीला, सीटवरची प्लॅस्टिकची आवरणं अजून काढलेली नाहीत. आणि अशी गाडी त्या माणसाने मला दिली. चाळीसेक वर्षं मद्रासमध्ये राहिलो, शेजारी अजून मला 'ते बॉम्बेचे सार' म्हणतात. एकदाही बॉम्बेला राहिलो नाही मी. पण हा माणूस मला आपला मानतो."

"समोर बघा," विद्युलताबाई म्हणाल्या. त्या सीटवरच्या प्लॅस्टिकवरून प्रत्येक वळणाला दाराकडे घसरत होत्या.

गाडी सोसायटीच्या आवारात, पाहुण्यांच्या जागी, चिंचेच्या झाडाला वाचवून उभी केली. विद्युलताबाई वर गेल्या. धारप मात्र जरा वेळ आतच बसले. नवी वस्तू ताब्यात आली की ती तपासून घ्यायची, हा शिरस्ता. त्यांनी स्टिअरिंग दाबलं. ठीक. दाराचा हात दाबला. ठीक. मग ते वाकले आणि डॅशबोर्डावर डावीकडच्या एसीच्या जाळीखाली जी काळी चकचकीत पट्टी आडवी जाते, तिच्यावर त्यांनी अंगठा टेकवला. टेकवला, एवढंच. दाबला असं ते आजही मान्य करत नाहीत.

कट्, असा आवाज झाला.

पट्टीला मधोमध चीर गेली आणि तिचं एक टोक खाचेतून बाहेर येऊन धारपांकडे बघत राहिलं.

आता ज्या माणसाने पहिल्याच भेटीत व्याह्याला 'दर्जा म्हणजे काय' यावर अर्धा तास ऐकवलं होतं, ज्याने त्यांच्या सोफ्याच्या हाताकडे तसं पाहिलं होतं, आणि 'माझ्या सहीचा एकही भाग कधी परत आला नाही' हे वाक्य जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर दोनदा म्हटलं होतं, त्याने विश्वासाने दिलेली गाडी पहिल्या दहा मिनिटांत फोडली होती. रविवारी सगळ्या मांडवासमोर ती त्याला परत करायची होती. धारपांना घाम फुटला. चेन्नईत तो तसाही फुटतो, पण हा वेगळा होता.

गुरुवारी सकाळी ते कोणालाही न सांगता एका सर्व्हिस सेंटरला गेले. गाडी नेली नाही, कारण ती कोणी ओळखली असती तर? नुसता नंबर चिठ्ठीवर लिहून नेला. काउंटरवरच्या मुलीने हसून स्वागत केलं.

"ही एवढीशी पट्टी हवी आहे," धारपांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला.

"पट्टी सुटी येत नाही सार. पूर्ण डॅशबोर्ड येतो."

"शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता का?"

मुलीने यावर जरा विचार केला. मग ती म्हणाली की विशेष मागणी नोंदवता येईल, सहा आठवडे लागतील. धारप म्हणाले, रविवार आहे. ती म्हणाली, कोणता रविवार? मग तिने चिठ्ठीवरचा गाडीचा नंबर टाइप केला, 'डाव्या बाजूची डॅशबोर्ड पट्टी, तुटलेली' असं कॉम्प्युटरमध्ये लिहिलं आणि म्हणाली, "ओटीपी सांगा सार."

"कसला ओटीपी?"

"गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर गेलाय. शेवटचे आकडे चार सात."

धारपांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती खुर्चीतून अर्धी उठली. "परत बोलवा तो!" ते म्हणाले. ओटीपी परत बोलवता येत नाही, हे तिने त्यांना समजुतीच्या स्वरात सांगितलं. तोवर धारप दाराबाहेर पोचले होते. तो सबंध दिवस त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत काढला. नारायणस्वामींचा फोन आला नाही. संध्याकाळी त्यांना वाटलं, त्या माणसाने मेसेज वाचलाच नसेल. लोक हल्ली मेसेज कुठे वाचतात? या विचाराने त्यांना जरा बरं वाटलं आणि ते दोन पोळ्या जास्त जेवले.

शुक्रवारी सकाळी ते खाली जाऊन गाडीत बसले आणि पट्टी हलक्या हाताने सोडवू लागले. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. वेंकट. वेंकट हा सोसायटीचा सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि आवारातलं पानसुद्धा त्याला आधी कळवल्याशिवाय पडत नाही.

"धारप सार, पाहुण्यांच्या जागेत दुरुस्ती करायची नाही. नियम अकरा."

"दुरुस्ती नाही. पाहतोय."

वेंकटने मान आत घातली. "अय्यो! संबंधींची गाडी ना? फोडली?"

"हळू बोल!"

"सार, अर्ज द्या. 'किरकोळ देखभाल' असं लिहा, दुरुस्ती लिहू नका. दुरुस्तीला कमिटीची बैठक लागते. देखभालीला मी एकटा पुरे." धारपांनी गुडघ्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. वेंकटने तो तिथेच मंजूर केला, खिशातला शिक्का मारला आणि मग नियम संपवून सल्ल्याकडे वळला. "फेव्हिक्विक सार. दुसरं काही नको. माझ्या चुलत्याच्या मिक्सरचं झाकण अकरा वर्षं टिकलंय. आणि ऐका, लावल्यावर सगळ्या काचा बंद करून गाडी उन्हात ठेवा. उष्णतेने असा पकडतो की देवाच्यानेसुद्धा निघणार नाही."

सल्ला शास्त्रीय होता. त्यात आणखी एक फायदा होता, काचा बंद असल्या की बाहेरून काही दिसत नाही. धारपांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा नळ्या आणल्या. पट्टी उलटी करून डॅशबोर्डावर ठेवली, चिरेत एक नळी ओतली, खात्रीसाठी दुसरी ओतली, तिसरी त्यांच्या हातून सुटून एसीच्या जाळीत सांडली आणि उरलेल्या तीन पट्टीच्या मागच्या चिमट्यांना लावल्या. खांद्यावरच्या उपरण्याने बोटं पुसली. उपरणं बोटांना चिकटलं. मग गाडी चिंचेच्या सावलीतून काढून भर उन्हात लावली, सगळ्या काचा वर केल्या आणि उपरण्यासकट ते घरी गेले.

दुपारी नाशिकचे पाहुणे आले. ज्यांच्यासाठी गाडी आणली होती ते मेट्रोने आणि पुढे ऑटोने आले. 'व्याह्यांची गाडी आहे ना?' असं त्यांनी विचारलं तेव्हा धारप म्हणाले, 'तिला ऊन देतोय.' पाहुण्यांना वाटलं, मद्रासकडची रीत असेल.

चार वाजता धारप आणि विद्युलताबाई खाली गेले. धारपांनी दार उघडलं आणि आतून असा भपकारा आला की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डोळे पुसून त्यांनी आत पाहिलं.

आत सगळीकडे माणसांचे हात होते.

डॅशबोर्डावर, स्टिअरिंगवर, दारांवर, काचांवर, सीटच्या त्या जपलेल्या प्लॅस्टिकवर, जिथे जिथे कोणी कधी हात लावला होता तिथे तिथे पांढरेशुभ्र ठसे उमटले होते. रेघा न् रेघा दिसत होत्या. डावीकडच्या जाळीभोवती तर एकाच अंगठ्याचे चौदा ठसे होते, कुठे सरळ, कुठे तिरपे.

"हे काय रांगोळीच्या पिठाचे हात लावले कुणी?" विद्युलताबाई म्हणाल्या. मग त्यांनी नाकाला पदर लावला आणि जवळून पाहिलं. पुढचं वाक्य त्या अशा समाधानाने बोलल्या की धारपांना ते फार लागलं. "अहो, पोलीस असंच करतात! मी मालिकेत पाहिलंय. खुनाच्या जागी ह्याच गोंदाचा धूर देतात आणि गुन्हेगाराचे ठसे वर येतात."

"मी गुन्हेगार नाही."

"चौदा आहेत," विद्युलताबाई म्हणाल्या.

चौतीस वर्षांत संरक्षण खात्याला जे जमलं नाही ते धारपांनी एका दुपारी केलं होतं. स्वतःविरुद्धचा संपूर्ण पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने, रीतसर परवानगी काढून, शिक्क्यासकट तयार केला होता.

विद्युलताबाईंनी उत्सुकतेने उलटी ठेवलेली पट्टी उचलली. ती जोडली गेली होती, हे मान्य करायला हवं. त्यांनी ती उजेडात धरली. "हा एक ठसा मात्र तुमचा नाही."

धारपांनी पट्टी हातात घेतली. इतका वेळ ते बाप होते, व्याही होते, गुन्हेगार होते. पट्टी हातात येताच ते पुन्हा तपासनीस झाले. त्यांच्या ताज्या गोंदाच्या खाली गोंदाचा आणखी एक थर होता, जुना, पिवळा पडलेला. चीरही जुनीच होती. कोणीतरी ती आधी एकदा चिकटवली होती, आणि चिकटवताना त्या ओल्या गोंदावर अंगठा दाबून धरला होता. तो अंगठा आता पांढऱ्या रेघांनी स्वच्छ वर आला होता, आणि त्या रेघांना मधून तिरपी कापत एक खोल खूण गेली होती.

कोयत्याची.

धारपांनी पट्टी पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली. मग त्यांचा चेहरा लाल होत गेला. "म्हणजे आधीच मोडलेली होती! स्वतः मोडली, स्वतः चिकटवली आणि माझ्या गळ्यात मारली! म्हणून 'घेऊन जावा की, घेऊन जावा की'! सदोष माल! मला! आणि मी येताना रडलो!"

"थोडंसंच," विद्युलताबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी ठसे पुसायला घेतले; पट्टीची पाठ तेवढी पुरावा म्हणून सोडली. पाण्याने गेले नाहीत. साबणाने गेले नाहीत. नेलपॉलिश काढायच्या औषधाने ठशाबरोबर दाराचा चकचकीतपणाही गेला. शेवटी खोबरेल तेलाने बरेचसे निघाले आणि गाडीला दिवाळीच्या आंघोळीसारखा वास येऊ लागला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा कार्तिक रात्रपाळी करून परत आला. तो इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि पाठीमागच्या चिमट्यांवरून बोट फिरवलं.

"सार, चीर बसली. पण मागचे चिमटे दोन तुटलेत आणि बाकीच्यांना तेल लागलंय. गोंद धरणार नाही. कोणी दार जोरात लावलं की खाली येईल. गरम हत्याराने प्लॅस्टिक वितळवून जोडायला हवं. सोमवारी मी करून देतो."

"सोमवार नाही. उद्या."

"उद्या मग दार हळू लावा सार."

हा सल्ला सगळ्या सल्ल्यांत एकटाच खरा होता, त्यामुळे धारपांनी तो मनावर घेतला नाही. त्यांचं मन दुसरीकडे होतं. पट्टी खाचेत बसवून ते वर आले आणि त्यांनी लेटरहेड काढलं. 'विषय: सदोष माल वस्तुस्थिती दडवून हस्तांतरित केल्याबाबत.' पाच मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यात अंगठ्याची आकृती. उद्या हॉलवर, ताटं अदलाबदल व्हायच्या आधी, हा कागद नारायणस्वामींच्या हातात ठेवायचा आणि एक शब्द न बोलता बाजूला उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं.

यामिनी आत आली. तिने वाचलं. तिचं मराठी अर्धं तमिळ वळणाचं आहे, आणि घाबरली की बाकीचं अर्धंही वळतं. "अय्यो बाबा! हे उद्या देणार? सगळ्यांसमोर?"

"सत्य सगळ्यांसमोरच असतं."

तिने कागद टेबलावर परत ठेवला. डोळे मोठे करून उभी राहिली आणि निघून गेली. विद्युलताबाई कणकेच्या हाताने बाहेर आल्या. "लग्न आहे पोरीचं, चौकशी समिती नाही. आणि एक सांगा, त्यांनी असं का केलं असेल?"

"मला हसं करायला!"

"बायकोला घाबरून," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्या वर्षी माझ्या मिक्सरचं भांडं पाडलंत आणि तीन दिवस सोफ्यामागे ठेवलंत, ते मला हसं करायला का?"

ते भांडं हिला माहीत होतं, हे धारपांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कागद मात्र त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

रविवारी सकाळी रिकामी गाडी परत करायची नाही म्हणून विद्युलताबाईंनी मागची सीट केळी, नारळ, मोगऱ्याचे गजरे आणि लाडवांचे डबे यांनी भरली. बसायला धारपांच्या शेजारची जागा उरली. तिथे त्या बसल्या. दार लावायची पाळी आली तेव्हा धारप उतरून पलीकडे गेले आणि त्यांनी ते झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं लावलं. अंबत्तूर ते नंगनल्लूर त्यांनी एकूण एक खड्डा न चुकता चुकवला. पट्टी टिकली.

हॉलच्या दाराशी नारायणस्वामी उभे होते. नवी जरीची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि कपाळाला गंध. आलेल्या पाहुण्यांना ते हात जोडत होते पण त्यांची नजर पाहुण्यांवर नव्हती. गाडी थांबताच ती काचेतून आत शिरली आणि नेमकी डावीकडच्या जाळीखाली जाऊन बसली.

"प्रवास बेश झाला कीं?" ते म्हणाले. पण अंगठा वर झाला नाही. तो त्यांनी वेष्टीच्या घडीत दाबून धरला होता.

धारपांनी खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. समोरचा माणूस त्यांच्याएवढाच होता, पासष्टीचा, आणि तो अगदी तसाच उभा होता जसे धारप मागच्या वर्षी सोफ्यासमोर उभे राहिले होते. आणि मागून महालक्ष्मीबाई येत होत्या, चष्मा सावरत. "हूं," त्या गाडीजवळ येत म्हणाल्या. "गाडी कशी आहे?"

नारायणस्वामींनी अंगठा वेष्टीच्या घडीत आणखी खोल दाबला. धारपांना त्या माणसाची एकदम इतकी कीव आली की स्वतःची सगळी मानहानी ते विसरले.

"माफ करा," धारप म्हणाले. आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतोय असं त्यांना वाटलं. "डावीकडची पट्टी माझ्या हातून तुटली. सवय आहे हो, दाबून बघायची. चिकटवली आहे. चूक सर्वस्वी माझी."

चौतीस वर्षांत त्यांनी एकही सदोष भाग पास केला नव्हता. हा पहिला. नारायणस्वामी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, मग तिच्यामागून हळूहळू दुसरं काहीतरी आलं, आणि त्यांचे डोळे भरले. "संबंधी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "परवाइल्लै, असों द्या. प्लॅस्टिक म्हणजे काय, तुटायाचेंच."

"तुटायाचेंच," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी मागचं दार उघडून गजरे काढून घेतले आणि ते दार मुख्याध्यापिका वर्गाचं लावतात तसं लावलं.

पट्टी सुटली. विद्युलताबाई अजून पुढच्या सीटवरच होत्या, त्यांच्या मांडीवर ती उलटी पडली. कोणी काही करायच्या आत महालक्ष्मीबाईंनी उघड्या काचेतून हात घालून ती उचलली. चष्मा खाली घेतला. पट्टी उन्हात धरली. एकदा जवळ, एकदा लांब.

"गुरुवारीं मजला मेसेज आला," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "गाडी माझ्या नावें आहे. 'डाव्या बाजूची पट्टी, तुटलेली.' मी म्हटलें, संबंधींनीं तोडली असेल, नवीन माणूस, बोलूं नये. पण ह्यांनीं गाडी इतक्या प्रेमानें कां दिली तें कळेना. हे आपली छत्रीसुद्धां कोणास देत न्हाइत." मग त्यांनी हात पुढे केला. "अंगठा."

नारायणस्वामींनी वेष्टीच्या घडीतून अंगठा काढला आणि पुढे धरला. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या धारपांनी, कोणी सांगितलं नसताना, आपलाही धरला. महालक्ष्मीबाईंनी पट्टीकडे पाहिलं, एका अंगठ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. प्राणेश आणि यामिनी दारात येऊन उभे होते आणि यामिनीने तोंडावर पदर धरला होता.

"ह्यांनीं तुमच्यावर ढकललें," महालक्ष्मीबाई धारपांना म्हणाल्या. "तुम्हांस ठाऊक होतें?"

"नाही," धारप म्हणाले. ते आयुष्यात इतकं वाईट खोटं कधी बोलले नव्हते, आणि ते ऐकून त्या पहिल्यांदाच हसल्या. त्या हसल्या तेव्हा नारायणस्वामींनी धारपांचा हात धरला आणि तो हॉलमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

आत भटजींनी लग्नपत्रिका मोठ्याने वाचली. कन्येचे पिता, वराचे पिता, गोत्र, मुहूर्त, सगळं सावकाश वाचून झालं. मग भटजींनी सह्यांसाठी कागद पुढे केला. नारायणस्वामींनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. धारपांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला तर हाताला तो पाच मुद्द्यांचा कागद लागला. त्यांनी तो आणखी आत ढकलला. पेन त्यांच्याकडेही नव्हतं.

महालक्ष्मीबाईंनी पानसुपारीच्या ताटात, नारळाशेजारी, काळी पट्टी ठेवली. उलटी.

"सह्या कशाला?" त्या म्हणाल्या. "दोघांचेही अंगठे आहेत की."

हॉलभर हशा पिकला. दोन्ही बाप मुठी मिटून, अंगठे आत दाबून, मुकाट्याने कोणाकडे पेन मिळतंय का ते बघू लागले.